कपॅसिटर वाळतो, सुकतो की आटतो?

यंत्रदुरुस्तीची एक पुस्तिका मराठीत आणतेय. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे, आत द्रव असलेले भाग) जुने झाले की आतून कोरडे पडतात, तिथे मी 'वाळतात' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'शुष्क होतात' केलं. दुरुस्तीच्या टेबलावर असं कुणी बोलतं का?

— कुणीच नाही. आम्ही 'सुकला' म्हणतो. 'फुगला' वेगळा. परवाच एक काढला: डोकं सपाट, खाली डाग नाही, दिसायला नवाकोरा. मीटरवर क्षमता पाहिली तर ४७० मायक्रोफॅरडचे १८० उरलेले. हा सुकलेला.

— कपडे वाळतात, फुलं सुकतात, विहीर आटते. दोन अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांमधल्या कागदात द्रव (इलेक्ट्रोलाइट) मुरवलेला असतो, तो रबरी बुचातून वर्षानुवर्षं वाफ होऊन निसटतो. म्हणून 'आटतो'च.

— द्रव आटेल, कपॅसिटर कसा आटेल?

— आटतं पाणी, पण 'विहीर आटली' म्हणतोच की!

— मुळात कपॅसिटर कशाला? विश्वकोशात 'धारित्र' आहे. फक्त हिंदीतलं 'संधारित्र' नको.

— माझे वडील शेवटपर्यंत कंडेन्सर म्हणायचे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १७८२ मध्ये दिलेलं नाव याच कुळातलं, तेव्हा त्याला अडाणी शब्द म्हणू नका. मात्र पंख्याच्या कंडेन्सरमध्ये सहसा द्रव नसतो, प्लॅस्टिकची फिल्म असते. तो ना वाळतो, ना आटतो.

— मला 'इलेक्ट्रोलिटिक'साठी 'विद्युत अपघटनी' खटकतं. अपघटन व्हावं म्हणून तो द्रव तिथे नाहीच. विद्युतरोधक आहे तो धन पट्टीवरचा ऑक्साइडचा थर, दर व्होल्टमागे जेमतेम १.४ नॅनोमीटर. द्रव ऋण बाजू होऊन त्या थराला बिलगतो आणि थर कुठे उसवला तर सांधतो. मी 'सांधद्रव' म्हणेन.

— सांधद्रव कुणाला कळणार? इलेक्ट्रोलाइट राहू द्या. त्यापेक्षा आयुष्याचं वाक्य नीट करा. '१०५ अंशांना २,००० तास' वाचून लोकांना वाटतं, तीन महिन्यांत संपला. दर १० अंश थंड ठेवला की आयुष्य साधारण दुप्पट. ६५ अंशांना ३२,००० तास. आणि तापमान नुसतं बाहेरचं धरू नका, रिपल करंट, म्हणजे कपॅसिटरमधून वरखाली होत वाहणारा प्रवाह, आतूनही तापवतो.

— रिपल करंटला मी 'लहरी प्रवाह' लिहिलंय. चालेल?

— नको, नको! लहरी म्हणजे मनाला येईल तसा वागणारा. हा तर ठरल्या तालात वरखाली होतो. 'तरंगप्रवाह' करा.

— तरंग पाण्यावर उठतात...