भीड: झाडाची वाटू शकते का?

प्रश्न

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे कॅलिफोर्नियात आली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वुड्सला तिला घेऊन गेलो होतो. तिथली रेडवूडची झाडं सहाशे-आठशे वर्षांची, काही त्याहूनही जुनी. सगळ्यात उंच झाड ७५ मीटरच्या पुढे जातं. आईचं सगळं आयुष्य सातारा जिल्ह्यात गेलेलं, झाडं तिला नवी नाहीत. पण एका बुंध्यापाशी ती थांबली आणि शेंडा दिसतो का बघायला तिने मान इतकी मागे टाकली, की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. शेंडा काही दिसला नाही. मग तिने चपला काढून लाकडी फळ्यांच्या वाटेवर कडेला ठेवल्या आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "हात लावून बघ की, मऊ असते साल." तर म्हणाली, "नको रे. भीड वाटते."

बायकोचं म्हणणं, भीड माणसाची वाटते, झाडाची नाही, तिथे 'भीती' किंवा 'दडपण' हवं. आईला भीती वाटत नव्हती हे मी शपथेवर सांगतो. चांगली अर्धा तास त्या झाडापाशी रेंगाळली. तर हा प्रयोग बरोबर आहे का? नसेल तर आईला जे वाटलं त्याला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद १

बरोबर आहे, आणि आईंना दुसरा कुठलाही शब्द इतका नेमका सापडला नसता असं मला वाटतं.

मोठ्यापुढे दबून जाण्याचे आपल्याकडे पाच-सहा शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भीती वाटली की माणूस लांब जातो. धाक असतो तो शिक्षा करू शकणाऱ्याचा, म्हणजे बापाचा, मास्तरांचा. वचकही त्याच जातीचा, फक्त तो बसवावा लागतो. दरारा लांबूनच जाणवतो, त्याला ओळखदेख लागत नाही. भीड या सगळ्यांहून वेगळी पडते, कारण तिला जवळीक लागते. वाघाची भीती वाटते, भीड वाटत नाही. फौजदाराचा धाक वाटतो, पण तोच फौजदार मामांचा दोस्त निघाला की त्याची भीड पडते. ज्याचा शब्द मोडवत नाही, ज्याच्यासमोर आवाज चढवावासा वाटत नाही, त्याची भीड.

'निर्भीड' शब्दाकडे बघा म्हणजे हे लक्षात येईल. आता त्याचा अर्थ 'निर्भय' असाच धरला जातो. पण निर्भीड माणूस तो, जो ओळखीच्या, उपकारकर्त्याच्या, घरोब्यातल्या माणसालाही खरं तेच सुनावतो. शत्रूला सुनवायला निर्भीडपणा लागत नाही, धैर्य लागतं.

तेव्हा आईंनी 'भीती' म्हटलं असतं तर झाड परकं झालं असतं. 'भीड' म्हटल्यावर ते घरातलं थोरलं माणूस झालं. चपला काढल्या त्याही म्हणूनच.

आता दुसरा मुद्दा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. झाडाची थोरवी सांगणारे आपले शब्द आठवून बघा. डेरेदार, घेरदार, विस्तारलेला, तिघांच्या कवेत न मावणारा. बुंधा, ढोली, पारंबी, सावली, पार. सगळे आडवे शब्द आहेत! आपलं मोठं झाड म्हणजे वड, पिंपळ, चिंच, आंबा. ते पसरतं, त्याच्याखाली गुरं बसतात, माणसं बसतात, बाजार भरतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचा मूळ बुंधा बुरशीने पोखरला म्हणून १९२५ साली काढून टाकावा लागला, तरी झाड पारंब्यांवर उभं आहे आणि अजून पसरतं आहे. आपल्याला भावतो तो हा पसरण्याचा मोठेपणा.

नुसत्या उंचीचं मात्र आपल्या भाषेला फारसं कौतुक नाही. 'ताडमाड वाढलाय' हे आपण पोराला कौतुकाने म्हणतो तितकंच चिडूनही म्हणतो. 'उंच वाढला एरंड, तरी होईना इक्षुदंड' ही म्हण तर उंचीची किंमतच काढून टाकते. सरळसोट आभाळात गेलेल्या, सावलीला बसायचं तर बुंध्याशी पारही नसलेल्या रेडवूडसाठी आपल्याकडे तयार विशेषण नाही. 'गगनचुंबी' आहे, पण तो आपण इमारतींना देऊन टाकला. अशा वेळी बोलणारा माणूस वस्तूचं वर्णन सोडून नात्याचा शब्द उचलतो. आईंनी तेच केलं.

प्रतिसाद २

मला हे पूर्ण पटलेलं नाही. भिडेत संकोच आहे, ओशाळेपण आहे, आणि कामं करून घेण्याचा वासही आहे. 'त्याने भीड घातली म्हणून सही केली', 'भिडेखातर वर्गणी दिली' हे रोजचे प्रयोग आहेत. 'भीड भिकेची बहीण' म्हणतात ते उगाच नाही. सहाशे वर्षांच्या झाडापुढे उभं राहिल्यावर होतो तो विस्मय. 'भारावून जाणे' हा क्रियापद म्हणूनही सरस आहे, कारण त्यात छातीवर आलेला भार ऐकू येतो.

एक जुना शब्दही सुचवतो: संभ्रम. आज त्याचा अर्थ गोंधळ एवढाच उरला आहे. संस्कृतात मात्र थोर कुणी समोर आल्यावर उडणारी आदराची धांदल, लगबग, हाही त्याचा अर्थ आहे. चपला काढणं, पदर सावरणं हा तो संभ्रम. परत वापरात यायला हवा.

प्रतिसाद ३

संभ्रमाबद्दल आभार, पण आता तो परत येणं कठीण. 'झाड बघून आईला संभ्रम झाला' असं लिहिलं तर वाचणारा विचारील, रस्ता चुकल्या का?

मी सीमेवरची, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या मधली, म्हणून इकडचे शब्द सांगते. देशावर देवराई म्हणतात त्याला तळकोकणात राहाटी किंवा देवरहाटी. गोव्यात नुसतं राय. 'राई' म्हणजे दाट झाडी, आमराईतली तीच. सत्तरी तालुक्यात केरीला एक राय आहे, तिचं नाव आजोबाची राय. आजोबा हे तिथलं दैवत. नावातच नातं आहे बघा. मूळ प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच मिळतं. रायीतलं लाकूड तोडायचं नाही हा नियम सगळ्यांना माहीत, पण आमच्याकडची म्हातारी माणसं पडलेली काटकीसुद्धा चुलीला आणत नाहीत. कारण विचारलं तर देवाचा कोप वगैरे मोठं काही सांगत नाहीत. 'देवाचा आसा ता' एवढंच. आवाज चढत नाही, धमकी नाही. ही भीती नव्हे, वडीलधाऱ्यांच्या ताटातलं न उचलण्यासारखं आहे. तेव्हा माझं मत आईंच्या बाजूने.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून 'देवराई' हा शब्द सगळीकडे पोचला. चांगलंच झालं, पण त्यामुळे राहाटी, राय हे शब्द मागे पडू लागलेत. आमची शाळेतली मुलं आता राहाटीला देवराईच म्हणतात.

आणि 'झाड' कशाला म्हणायचं हा वादही आमच्याकडे होऊन गेलाय. गोव्यात २०१६ साली वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि माड 'वृक्ष' या व्याख्येतून बाहेर काढला गेला. फांद्या नाहीत, इतर झाडांसारखं खोड जाड होत जात नाही, वनस्पतिशास्त्र काय ते म्हणो. ज्याला पिढ्यान् पिढ्या कल्पवृक्ष म्हटलं, तो वृक्ष नाही? लोक खवळले. २०१७ मध्ये माड परत व्याख्येत आला आणि राज्यवृक्षही झाला. शब्दाची व्याख्या बदलली की कुऱ्हाडीला वाट मिळते, हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

प्रतिसाद ४

उंच झाडांना आपल्याकडे शब्द नाही हे विदर्भापुरतं तरी दुरुस्त करा. आलापल्लीजवळचं जुन्या सागांचं जंगल, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून पाट्यांवर दिसतं ते, त्याला मराठीत 'वनवैभव' म्हणतात. २०१४ मध्ये त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथला साग सरळ वर जातो, डेरा वगैरे काही नाही. आणि गोंड समाजात साजाचं झाड, ज्याला पश्चिम महाराष्ट्रात ऐन म्हणतात, ते बडादेवाचं. तेही काही पारंब्यांचं नाही. बाकी भीड मान्य.

प्रतिसाद १ (पुन्हा)

वनवैभवाची दुरुस्ती मान्य. माझं लिहिणं देशावरच्या वडा-पिंपळाच्या अंगाने गेलं.

'भिडेखातर वर्गणी' या आक्षेपाबद्दल: शब्दाला ती बाजू आहेच. पण ती बाजू माणसांच्या व्यवहारातून आली. झाड तुमच्याकडे काही मागत नाही, कुणासाठी शब्द टाकत नाही. झाडाच्या बाबतीत भिडेतला व्यवहार आपोआप गळतो आणि आदर-माया तेवढी उरते.

शिवाय माणूस आणि झाड यांच्यात शब्दांची ही देवघेव जुनीच आहे. घर सांभाळणाऱ्या माणसाला आपण आधारवड म्हणतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या बोधचिन्हावर वड आहे, आणि आजही कुठल्याही संस्थेच्या कार्यक्रमात 'रोपट्याचा वटवृक्ष झाला' हे वाक्य येतंच. मुलगा गेल्यावर आई 'उन्मळून पडली' म्हणतो, ते क्रियापद मुळांसकट कोसळणाऱ्या झाडाचं. उलट 'वठणे' हे क्रियापद आपण झाडासाठीच राखून ठेवलंय. म्हातारं झाड उभ्या-उभ्या सुकत जातं, त्या सावकाश मरणाला नुसतं 'मेलं' म्हणायचं नाही म्हणून हा शब्द असावा, असं मला नेहमी वाटत आलंय. एवढे शब्द झाडांनी आपल्याला दिले, तर 'भीड' हा एक आपण त्यांना देऊ शकतो.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड पुष्कळांना आठवत असेल. यल्लम्माच्या देवळाजवळचा, चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार होता. लोक त्याच्याभोवती उभे राहिले, आणि रस्त्याच्या आखणीत बदल करून झाड राखायचं ठरलं. दोन वर्षांनी, २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो आपणहून पडला. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, पण एक बरंही वाटलं: उन्मळून पडला, पाडला नाही. मराठीत या दोन क्रियापदांत एका काण्याचं अंतर आहे.

२०२१ मध्ये राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज ट्री' ठरवलं, त्याचं मराठी केलं 'प्राचीन वृक्ष'. असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. तरतूद चांगली आहे, शब्द मला खटकतो. प्राचीन म्हटलं की लेणी, ताम्रपट आठवतात, ज्यांचा काळ संपून गेला अशा गोष्टी. पन्नास वर्षांचा आंबा ऐन भरात असतो हो! 'जाणता वृक्ष' म्हटलं असतं तर? 'जाणता' शब्दात वय आहे, अधिकार आहे, आणि तो माणूस अजून ओसरीवर बसलेला आहे.

जाता जाता 'अश्वत्थ'. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात ज्ञानदेव त्याची फोड करतात: 'श्व' म्हणजे उद्याची पहाट, तोपर्यंतही जो एकसारखा टिकत नाही तो अश्वत्थ. ते संसारवृक्षाबद्दल बोलताहेत हे खरंच. पण हेच नाव पिंपळाचं, आणि श्रीलंकेत अनुराधापूरचा पिंपळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावलेला, अजून पालवतो आहे. आळंदीला समाधीपाशी अजानवृक्ष आहे, त्याची मुळी गळ्याला लागते ती येऊन काढ, असं ज्ञानदेवांनी एकनाथांना स्वप्नात सांगितल्याची कथा सर्वांना माहीत आहे. त्या कथेत नाथांनी झाड तोडलं नाही. मुळी तेवढी अलगद सोडवली.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. 'जाणता वृक्ष' तिला फार आवडला. 'संभ्रम' नाही आवडला.

मग ती एकदम तिच्या माहेरच्या वडाबद्दल बोलायला लागली. परड्यात होता, दरवर्षी एखादी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर यायची आणि पावसाच्या आधी छाटावी लागायची. बुंध्याला वटपौर्णिमेचा दोरा इतकी वर्षं गुंडाळलेला, की आतले पदर सालीत रुतून गेले होते, बोटाला नुसती रेघ लागायची. म्हणाली, आजोबा फांदी छाटायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला एकटेच जायचे, त्या दोऱ्यावर हात ठेवायचे आणि सांगून यायचे.

"काय सांगायचे?" मी विचारलं.

"उद्या येतो म्हणून. दुसरं काय सांगणार?"