मदत हवी आहे: शिल्पकलेतून चित्रकलेकडे येताना गर्दी कशी रंगवावी?

बरीच वर्षं माती आणि प्लास्टरमध्ये काम केलं, आता तैलरंगात करतोय. विषय एकच, रोज कामावर जाणारी-येणारी माणसं. आयुष्यातला एवढा वेळ ती प्रवासात घालवतात आणि तिथे त्यांच्याकडे कुणी नीट बघतही नाही, म्हणून मला तीच रंगवायची आहेत.

एकटा प्रवासी जमतो. मांडीवर बॅग, पट्टा मनगटाला गुंडाळलेला, मान एका बाजूला कललेली. शरीराचा भार कुठे पडलाय ते हाताला आपोआप कळतं. पण चार-पाच जण शेजारी आले की प्रत्येक जण वेगळ्या चौथऱ्यावर बसवल्यासारखा दिसतो. आकाराभोवती फिरायची सवय असल्याने मी प्रत्येक कड पूर्ण करतो. खरं तर एकाचा खांदा दुसऱ्याच्या सावलीत विरून जायला हवा.

फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिएने 1830च्या दशकात मातीचे अर्धपुतळे केले, पुढे 1860च्या दशकात रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचा डबा रंगवला. त्यात मागची गर्दी नुसत्या काळपट डागांची आहे, तरी माणसं जिवंत वाटतात. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरने 1940-41मध्ये बॉम्बहल्ल्यांपासून लंडनच्या भुयारी स्टेशनांत आसरा घेतलेली माणसं मेणखडू आणि जलरंगात काढली, तीही पुन्हा पुन्हा बघतोय.

कुठली कड सोडायची, हे तुम्ही आधीच्या टोनल (नुसत्या उजेड-सावलीच्या) स्केचमध्येच ठरवता की रंग ओला असताना? आणि डब्यातल्या दिव्यांचा वरून पडणारा सपाट उजेड कसा हाताळता? शिल्पाकडून चित्राकडे वळलेल्यांनी तर जरूर लिहा.