मदत हवी आहे: साखरशाळेची जबाबदारी घेऊ का?

नमस्कार मंडळी, बारा वर्षं झेडपी शाळेत शिकवलं, गेला हंगाम ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीच्या साखरशाळेत मदतीला होते आणि आता ती चालवशील का म्हणतायत, पण शिकवणं वेगळं न शाळा चालवणं वेगळं ना. पोरं दिवाळीच्या आसपास बीडकडून येतात, उन्हाळ्यात परत, आणि मोठ्या मुली धाकट्याला सांभाळत कोपीवरच (तळावरच्या झोपडीत), म्हणजे शाळा आधी मुलींचीच सुटते. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) २००९ च्या कलम ५ प्रमाणे शाळा बदलताना दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे सांगून दमले (हेडमास्तर लोक ऐकतील तर ना). शाळेतच पाळणाघर कुणी चालवलंय का, मुकादमाला (मजुरांची टोळी आणणाऱ्याला) कसं पटवलं? आणि आधी नेतृत्वाचा कोर्स करू की अजून एक हंगाम तळावरच काढू?