गल्लीतलं पार्किंग आणि मुलांच्या सायकली

ए-२०३: नमस्कार मंडळी. काल आमची लेक शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून पडली. उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं, ती उजवीकडे वळली आणि पुढचं चाक चेंबरच्या जाळीत अडकलं. कोपराला दोन टाके पडलेत. मागून टेम्पो आला असता तर, या विचाराने रात्रभर झोप नाही.

बी-१०१: अगं बाई! आता कशी आहे? हळदीचं दूध दे तिला.

सी-३०२: काळजी घ्या वहिनी. पण नारायण पेठेत आता सायकल नकोच. रिक्षा लावून टाका. इथे सायकल ट्रॅकला जागा कुठाय?

ए-२०३: दादा, मी ट्रॅक मागतच नाहीये. सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर, ट्रॅक आले, २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. ते रुंद रस्त्यांना ठीक. इथे वाडे गेले, इमारती आल्या, गल्ली तेवढीच राहिली. काल टेप लावून मोजली, भिंतीपासून भिंतीपर्यंत पावणेसहा मीटर. त्यात दोन्ही बाजूंना गाड्या. पोरांनी जायचं कुठून?

बी-२०१ आजोबा: मी खडकीच्या फॅक्टरीत ३१ वर्षं सायकलने गेलो. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. तेव्हा सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचे. वाहन म्हणून तिची गणती होती. पुढे बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता एकेरी झाले. मोटारवाल्याला तो वळसा जाणवत नाही, पायडल मारणाऱ्याला जाणवतो. सायकलला उलट दिशेने जायची मुभा का नसावी?

ए-४०१: माझा भाऊ बेल्जियमला, गेंटमध्ये असतो. तिथल्याही गल्ल्या जुन्या, अरुंद. २०१७ मध्ये त्यांनी मध्यवस्तीचे भाग पाडले. मोटारीला एका भागातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरच्या रिंगरोडने फिरून यावं लागतं, सायकल सरळ जाते. काही रस्ते तर असे की मोटारीने सायकलला ओव्हरटेक करायचंच नाही, वेग ३० च्या आत. वेगळा ट्रॅक लागतच नाही.

सी-३०२: तिकडचं वेगळं हो. आपले दुकानदार ऐकतील?

ए-२०३: त्यांच्याशी नंतर बोलू, आधी आपलं बघू. काल रात्री साडेदहाला खाली गेले होते. आत ५ जागा रिकाम्या आणि बाहेर आपल्याच सोसायटीच्या ७ गाड्या. आत लावताना तीनदा मागेपुढे करावं लागतं, मान्य आहे. पण तेवढं करूया ना, पोरांसाठी.

सेक्रेटरी: जाळीचा फोटो पाठवा, उद्याच अर्ज देतो. सळया रस्त्याच्या दिशेने आहेत, आडव्या हव्यात. सम-विषम तारखेच्या पार्किंगसाठी पत्राला सह्या लागतील. रविवारी ११ वाजता खाली जमूया.

सी-३०२: वहिनी, त्या सातांत माझी पांढरी गाडी आहे. आत्ताच आत घेतो. माझ्या जागेवर कुणाची तरी ॲक्टिव्हा आहे, तेवढी काढा.

बी-१०१: माझी आहे. आलेच खाली.