सूर्य हायड्रोजनचा, मग वर्णपटात कॅल्शियम ठळक का?

प्रश्न (तृतीय वर्ष बी.एस्सी., दादर):
यंदा खगोलभौतिकीची ओळख हा विषय घेतला आहे. सूर्याच्या बाह्य थरांत वस्तुमानाने जवळपास तीन चतुर्थांश हायड्रोजन असूनही त्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या ‘एच’ आणि ‘के’ रेषा हायड्रोजनच्या रेषांहून कितीतरी रुंद व गडद दिसतात. टिपणांत कारण म्हणून फक्त ‘तापमान’ असे लिहिले आहे. नेमके घडते काय?

उत्तर 1:
हायड्रोजनच्या दृश्य प्रकाशातील रेषा, म्हणजे बामर रेषा, उमटायच्या तर त्याचा इलेक्ट्रॉन आधीपासूनच दुसऱ्या पातळीवर असावा लागतो, आणि तिथे चढायला 10.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सूर्याच्या पृष्ठभागी, म्हणजे 5800 केल्विनला, बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार, म्हणजे कणांच्या औष्णिक ऊर्जेचे माप, जेमतेम 0.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट भरतो. बोल्ट्झमनच्या सूत्रात या किमती घातल्या की सुमारे 18 कोटी अणूंमागे एकच अणू दुसऱ्या पातळीवर सापडतो. कॅल्शियम पाच लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण एक, पण त्याचा पहिला इलेक्ट्रॉन 6.1 इलेक्ट्रॉन व्होल्टलाच सुटत असल्याने जवळजवळ सगळे कॅल्शियम एकदा आयनीभूत झालेले असते, आणि हे आयन तळाच्या पातळीवरूनच 3934 व 3968 अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा प्रकाश (अनुक्रमे ‘के’ व ‘एच’ रेषा) शोषतात. आता 18 कोटींना 5 लाखांनी भागा: शोषणाला तयार असलेले कॅल्शियम सुमारे 360 पट! हे गणित कागदावर स्वतः मांडाच. विषयात शिरायला याहून चांगली वाट मला माहीत नाही.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार, सर. मग तापमान वाढत जाईल तशा बामर रेषाही ठळक होत जायला हव्यात ना?

उत्तर 2:
सुमारे दहा हजार केल्विनपर्यंतच. व्याध ताऱ्याचे तापमान साधारण एवढेच आहे; त्या तापमानाला दर 40 हजार उदासीन अणूंमागे एक दुसऱ्या पातळीवर असतो, म्हणून तिथे हायड्रोजन उठून दिसतो. त्यापुढे इलेक्ट्रॉन अणूतून सुटूनच जातो आणि रेषा पुन्हा फिकट होतात. हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या 1920 च्या आयनीभवन समीकरणाने करता येतो. तोच ताऱ्यांना लावून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी 1925 मध्ये हायड्रोजनचे प्राबल्य दाखवले.

जानेवारीत रात्री नऊला गच्चीवर जा. शहराच्या एवढ्या उजेडातही आग्नेयेला निळसर पांढरा व्याध आणि त्याच्या वर तांबूस काक्षी हे तारे ओळखता येतात. काक्षी साधारण 3500 केल्विनची, म्हणून तिच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे अख्खे रेणू टिकून असलेले दिसतात.