पावसाळ्यात लाइट सारखी जाते. लिनक्सवर भरवशाची फाइलसिस्टीम कोणती?

तेरेखोलकाठ
पेडणे तालुक्यातल्या एका वाचनालयाचा संगणक आहे, डेबियन १२. सिस्टीम २५० जीबीच्या एसएसडीवर. ४ टीबीच्या हार्डडिस्कवर जुन्या हस्तलिखितांची नि नाटकांच्या हँडबिलांची स्कॅन, शिवाय काल्यातल्या नाटकांची आणि भजनांची रेकॉर्डिंग, मिळून १.६ टीबी. सगळीकडे एक्स्ट ४ ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आहे. मृग लागला की दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते. आता काही टिफ फाइल अर्ध्याच दिसतात: वरचं पान नीट, खाली राखाडी पट्टे. एफएससीके (फाइलसिस्टीम तपासणारा प्रोग्राम) मात्र ‘क्लीन’ सांगतो. बीटीआरएफएस, एक्सएफएस की झेडएफएस? आणखी एक ४ टीबी डिस्क घ्यायची तयारी आहे.

भतग्राम
एफएससीके खोटं बोलत नाही. तो फाइलसिस्टीमची मांडणी तपासतो: इनोड (प्रत्येक फाइलची नोंद), डिरेक्टरी, ब्लॉकचे नकाशे. फाइलच्या पोटात काय आहे ते तो बघतच नाही. एक्स्ट ४ मेटाडेटाचं (म्हणजे या मांडणीचं) चेकसम, म्हणजे बदल ओळखायचा पडताळा आकडा, ठेवतं, डेटाचं ठेवत नाही. एक्सएफएसचंही तेच. त्यामुळे स्कॅनमधले बाइट बदलले तर दोघांनाही पत्ता लागत नाही.

बदलाबदलीच्या आधी एक बघा. बिघडलेल्या फाइलींची ‘शेवटचा बदल’ तारीख कोणती? लाइट गेली त्याच वेळची असेल तर फाइल डिस्कवर पुरती पोचलीच नव्हती. लिनक्स लिहायचा डेटा साधारण ३० सेकंदांपर्यंत मेमरीत धरून ठेवतो, आणि प्रोग्रामने एफसिंक (लगेच डिस्कवर लिही हा हुकूम) केलं नसेल तर तेवढं जातं. जर्नल (फाइलसिस्टीमची बदलांची नोंदवही) मांडणी वाचवतं, तुमचं शेवटचं अर्धं मिनिट नाही. हे कुठल्याही फाइलसिस्टीमवर होईल; त्याला उपाय यूपीएस. पण तारीख जुनी असेल, फाइल तेव्हा उघडत होती आणि आता उघडत नाही, तर मामला वेगळा: डिस्क, केबल नाहीतर रॅम.

सिस्टीमची एसएसडी एक्स्ट ४ वरच राहू द्या. ती गेली तर तासाभरात परत उभी होते. चेकसमची गरज आहे ती त्या १.६ टीबीला.

अंत्रूज
भतग्राम यांच्याशी सहमत. डेटासाठी दोन डिस्क आणि बीटीआरएफएस रेड१ (दोन्ही डिस्कवर एकेक प्रत). एकाच डिस्कवर बीटीआरएफएस घातलं तर स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडणं) चूक दाखवेल, पण डेटा दुरुस्त करायला दुसरी प्रत कुठून आणणार? रेड१ मध्ये चेकसम न जुळणारी प्रत टाकून चांगल्या प्रतीवरून ती परत लिहिली जाते. लिनक्सच्या साध्या एमडी रेडला (त्यात चेकसम नसतं) दोन प्रतींतली खरी कोणती हेच कळत नाही. बीटीआरएफएसचं रेड५ आणि रेड६ मात्र वापरू नका. लिहिता लिहिता लाइट गेली तर तिथे अजून धोका आहे.

झेडएफएस उत्तम आहे, पण परवान्यामुळे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर राहतं. दर कर्नल अपडेटला डीकेएमएस या साधनाने त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) नव्यानं बनतं. त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्या तर ते बनत नाही आणि सकाळी डिस्क दिसत नाही. सांभाळायला रोज माणूस नसेल तिथे मी ते सुचवणार नाही.

आता क्रम. आधी १.६ टीबीची एक प्रत यूएसबी डिस्कवर काढून ती संगणकापासून सोडवून ठेवा. मधल्या एका टप्प्यावर तुमच्याकडे माल एकाच डिस्कवर असणार आहे, म्हणून हे टाळू नका. मग नव्या डिस्कवर एकटं बीटीआरएफएस बनवा आणि आरसिंक या प्रोग्रामने कॉपी करा. कॉपी झाल्यावर अनमाउंट करून (सिस्टीमपासून सोडवून) परत माउंट करा, आणि आरसिंक चेकसम व ड्राय-रन (काही न लिहिता फरकाची नुसती यादी) हे दोन पर्याय देऊन पुन्हा चालवा. अनमाउंट न करता तपासलं तर बरंचसं वाचन रॅममधूनच होतं आणि डिस्कवर काय उतरलं ते कळत नाही. यादी रिकामी आली की जुन्या डिस्कवर वाइपएफएस (जुन्या फाइलसिस्टीमची खूण पुसणं), मग डिव्हाइस ॲड (ती डिस्क बीटीआरएफएसमध्ये घेणं), आणि शेवटी बॅलन्स (डेटा डिस्कवर नव्यानं मांडणं) करताना डेटा नि मेटाडेटा दोन्हींना रेड१ कन्व्हर्ट. हे रात्रभर चालेल. मध्ये लाइट गेलीच तर पुढच्या माउंटला बॅलन्स आपोआप पुढे सुरू होतं.

संपल्यावर ‘फाइलसिस्टीम डीएफ’ बघा. ‘सिंगल’ किंवा ‘डप’ अशी ओळ उरलेली दिसली तर तेवढा भाग अजून एकाच डिस्कवर आहे. बॅलन्स परत चालवा (‘ग्लोबल रिझर्व्ह’ची ओळ सिंगलच दिसते, ती सोडा).

बार्देस४
डिस्क घेताना एसएमआर नको, सीएमआर घ्या. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, बॅलन्स आणि मोठी कॉपी रखडते. दोन्ही डिस्क एकाच लॉटमधल्या नसल्या तर बरं. तुमची एक जुनी आहे, म्हणजे ते आपोआप साधतंय.

यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट आहे का ते आधी बघा. साध्या ६०० व्हीएच्या पुष्कळ पेट्यांना तो नसतो. मग बॅटरी संपत आल्याचं संगणकाला कळत नाही आणि तो मधेच बंद पडतो, म्हणजे वीस मिनिटं उशिरा तेच. पोर्ट असला की एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) बसवा, बॅटरी कमी झाल्यावर मशीन नीट बंद होईल. पावसाळ्याआधी एकदा प्लग ओढून खरंच बंद होतं का ते पाहा. इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा.

खारी, दमट हवा डिस्कच्या साटा केबलच्या टोकांना खाते. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) तीन आकडे बघा: ५, १९७ आणि १९९. पहिले दोन डिस्कचे, १९९ केबलचा.

तेरेखोलकाठ
बघितलं. ५ आणि १९७ शून्य. १९९ मध्ये २१४. बिघडलेल्या फाइली जानेवारीतल्या आहेत, तेव्हा उघडत होत्या. आणि अंत्रूज, एक डिस्क मेली तर संगणक चालू होईल ना? एफस्टॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क नसली तरी माउंट कर) घालून ठेवू का?

अंत्रूज
‘डिग्रेडेड’ कायमचं घालू नका. एखादी डिस्क चालू व्हायला दोन सेकंद उशीर झाला तरी मशीन तिच्याशिवाय लिहायला लागेल आणि दोन डिस्कवरच्या प्रती वेगळ्या होतील. एफस्टॅबमध्ये यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक) आणि ‘नोफेल’ (माउंट झालं नाही तरी अडू नको) घाला. एक डिस्क मेली तर संगणक चालू होईल, फक्त डेटा माउंट होणार नाही. मग हाताने डिग्रेडेड माउंट करून ‘रिप्लेस’ चालवा.

स्क्रब महिन्यातून एकदा. १.६ टीबीला १५० एमबी प्रति सेकंद धरले तर तीन तास. ‘अनकरेक्टेबल’ (दुरुस्त न झालेल्या चुका) शून्य हवं. नसेल तर त्या फाइलचं नाव कर्नलच्या लॉगमध्ये मिळतं. डिस्क ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका. आणि काहीही बिघडलं तरी ‘चेक रिपेअर’ आधी चालवू नका. त्याने दुरुस्त होणारं व्हॉल्यूमही हातचं जाऊ शकतं.

भतग्राम
२१४ वर एक गोष्ट नीट समजून घ्या. १९९ म्हणजे केबलवर पकडली गेलेली चूक. ती पकडली जाते आणि माहिती परत पाठवली जाते. केबल जरूर बदला. आकडा शून्यावर येणार नाही, तो २१४ वरच थांबतो का ते बघा. पण राखाडी पट्ट्यांचा खुलासा एवढ्यानं होत नाही. फाइल कॉपी करताना किंवा हलवताना रॅमने एखादा बिट बदलला तर तो चुकीचा बिट डिस्कवर अगदी व्यवस्थित लिहिला जातो. म्हणून नवी डिस्क लावायच्या आधी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती रॅम काढा. खराब रॅमवर बीटीआरएफएस बनवलं तर सुरुवातच चुकेल.

आणि कॉपीच्या आधी बिघडलेल्या फाइली वेगळ्या काढाच. बीटीआरएफएस कॉपीच्या क्षणी जे मिळेल त्याचं चेकसम करतं. मोडकी टिफ गेली तर तिलाही ते बरोबरच म्हणत राहील. सगळ्या टिफ इमेजमॅजिक या प्रोग्रामने पूर्ण उघडून बघा, नुसतं हेडर वाचून चालणार नाही. इशारा येईल त्यांची यादी करा. जी पानं अजून कपाटात आहेत ती परत स्कॅन करा. रेकॉर्डिंग वेव्हमध्ये असतील तर वेव्हमध्ये स्वतःची तपासणी काहीच नसते. ती आधी ऐकून घ्या, मगच फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) करा. फ्लॅकच्या आत आवाजाचं एमडी५ हे चेकसम असतं, पुढे चाचणीच्या पर्यायाने कधीही पडताळता येतं. वेव्ह लगेच पुसू नका, यूएसबी डिस्कवर राहू द्या.