आजीला गोळ्या गिळता येत नाहीत, पर्याय सुचवा

मुग्धा_एस
आजी ८१ वर्षांची. अर्धांगाच्या झटक्यानंतर घास कसाबसा उतरतो, पण पाण्याबरोबर गोळी दिली की हमखास ठसका. चालू औषधं: ॲम्लोडिपिन (बीपीची), इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन), पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची), मेटफॉर्मिन एसआर (शुगरची). शेजारच्या काकू म्हणतात, सगळ्या कुटून मधातून चाटव. मामा म्हणतो, रोज इंजेक्शनंच द्या, लवकर लागू पडतात. काय करावं?

खलबत्तेवाला
औषधांच्या दुकानात बसतो म्हणून सांगतो, सरसकट कुटू नका. मेटफॉर्मिन एसआर ही पोटात तासन्‌तास हळूहळू सुटावी म्हणून तशी बनवलेली असते. चुरा केलात की सगळा डोस एकदम सुटतो. पॅन्टोप्राझोलचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवतं, इकोस्प्रिनचं आवरण जठराला औषधापासून. ॲम्लोडिपिन साधी गोळी, ती कुटलेली चालते. पट्टीवर एसआर, ईआर, एक्सएल (हळूहळू सुटणाऱ्या गोळीच्या खुणा) दिसलं की खलबत्ता बाजूला ठेवायचा.

मामांना सांगा, ॲम्लोडिपिन किंवा मेटफॉर्मिनचं इंजेक्शन मिळतच नाही. गिळलेलं औषध आधी यकृतातून जातं, शिरेतून दिलेलं हा टोलनाका चुकवून थेट रक्तात जातं हे खरं, पण रिॲक्शन आली तर परत काढता येत नाही. शिवाय इकोस्प्रिन चालू असताना रोज सुई टोचली तर दंड काळानिळा होणार.

डॉक्टरांकडून चिठ्ठी बदलून घ्या. मेटफॉर्मिन साधी मिळते, मात्र ती दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावी लागते. पॅन्टोप्राझोलऐवजी जिभेवर विरघळणारी लॅन्सोप्राझोल चालेल का, तेही विचारा.

सांगलीकर
कातडीवर चिकटवायचा औषधाचा पॅच लावून भागत नाही का? बाबांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटॅनिलचा होता, तीन दिवसांनी बदलायचा. गिळायची भानगड नाही. फक्त पहिला पॅच लावल्यावर गुण यायला अर्धा दिवस लागला, आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही अशी नर्सने तंबी दिली होती.

खलबत्तेवाला
कातडीतून जायला औषध अगदी थोड्या मात्रेत पुरणारं लागतं. मेटफॉर्मिनचा डोस ५०० मिलिग्रॅम, केवढा पॅच लावणार?

बाळूमामा_७१
बीपी चढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची. आमच्याकडे पूर्वी हेच करायचे.

खलबत्तेवाला
कृपा करून नको. त्याने बीपी धाडकन पडतं, आणि झटका येऊन गेलेल्या माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठाच कमी होतो. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात ती छातीत दुखल्यावर, तीही डॉक्टरांनी सांगितली असेल तरच.

अवनी_स्पीच
मुग्धा, गोळ्यांच्या आधी गिळण्याची तपासणी करून घे, स्पीच थेरपिस्ट करतात. पाण्याने ठसका लागतो म्हणजे पातळ पदार्थच श्वासनलिकेत जात असणार. त्यातून न्यूमोनिया होतो. फारच अवघड असेल तर काही दिवस नाकातून नळी घालावी लागते.

मुग्धा_एस
सोमवारची वेळ घेतली. इकोस्प्रिनचं काय करू?

खलबत्तेवाला
कमी डोसची विरघळणारी ॲस्पिरिन येते, डॉक्टरांना विचारून तीच घ्या. पण ग्लासभर पाण्यातून नको. चमचाभर पाण्यात विरघळवून दाट पेजेत कालवा आणि आजीला ताठ बसवून भरवा. ही गोळी मनाने बंद मात्र करू नका.